पाव किलो कमी

राधिका दीदी जाणार, ही बातमी मी दलियाच्या गंजात डोकं घालून ऐकली. ती अंगणवाडीच्या दारात उभी राहून सांगत होती आणि मी आत करपलेलं खरवडत होते, त्यामुळे एकेक शब्द घुमून येत होता. रायपूर राजधानी होऊन दोन वर्षं झाली होती. रोज एखादं नवं ऑफिस उघडत होतं, त्यातल्याच एकात तिच्या नवऱ्याला खुर्ची मिळाली होती. ती कार्यकर्ती, मी सहायिका. म्हणजे रजिस्टर तिचं आणि झाडू माझा. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या वस्तीतली, लेकरं घरोघरून गोळा करून आणायची, नाकं पुसायची, दलिया शिजवायचा, भांडी घासायची, हे मी नऊ वर्षं करत होते.

माझ्या जागेवर तू ये, असं ती म्हणाली. सहायिकेचा हक्क पहिला असतो. दहावी लागेल आणि मग एक महिन्याचं ट्रेनिंग. दहावी हा शब्द तिने येताना कोथिंबीर आण म्हणावं तसा म्हटला. मी सातवी होते, तीही गोंदियाकडच्या खेड्यात, मराठीतून, आणि त्यालाही सतरा वर्षं झाली होती.

त्या साली पाणी पडलं नव्हतं. दिवाळीच्या आधीच पाऱ्यातल्या निम्म्या घरांना कुलपं लागली. कुठे गेले विचारलं तर शेजारी म्हणायचे, "खाए-कमाए गे हें," पोटासाठी परमुलखात गेलेत. लेकरं बरोबर गेली. जी राहिली त्यांच्या कंबरेचे करदोटे सैल होऊन खाली घसरत. वजनाच्या दिवशी मला ते आधी दिसायचं, काट्याच्या आधी.

वजनाचं सांगायला हवं. महिन्यातून एकदा आढ्याला काटा लटकवायचा, लेकराला चड्डीसारख्या कापडी झोळीत घालून आकड्याला अडकवायचं, सुई थांबली की वजन वाचायचं आणि तक्त्यावर टिंब द्यायचं. पहिल्या वर्षी राधिका दीदीने वजन मोठ्याने वाचलं, साऱ्या आयांसमोर. त्याच आठवड्यात दोन लेकरांना ताप आला. पुढल्या महिन्यात वजनाला एक मांजर सोडून कोणी आलं नाही.

मी हे घरी सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाई, अंजनाबाई, सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांची उभी हयात मंडीत धान मोजण्यात गेली. इकडे धान काठ्याने मोजतात. काठा म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपासचं माप. आणि पहिल्या काठ्याला कोणी 'एक' म्हणत नाही, 'राम' म्हणतात. मग दोन, तीन. आत्याबाईंच्या हातांना इतकी सवय होती की कोणाचंही लेकरू उचललं की म्हणायच्या, हे साडेतीन काठे. आमचा काटा कधीमधी चुकायचा, त्या नाही.

त्या म्हणाल्या, "राधिकाले म्हन, तोंडानं पाव कमी सांगजो आन् कागदावर खरं लिव्हजो. देवाले कागद वाचता येते. नजरेले नाही येत."

तसंच सुरू झालं. वजन सांगायचं काम माझ्याकडे आलं. सुई नऊवर थांबली की मी म्हणायची, पावणेनऊ. राधिका दीदी मुकाट्याने नऊ लिहायची. आया मनातल्या मनात पाव किलो मिळवून घ्यायच्या आणि लेकराच्या डोक्यावर पदर ओढून घरी न्यायच्या. सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त बोलायचं नव्हतं. वजनाला गर्दी होऊ लागली.

तर दहावीचा फॉर्म. श्यामराव, माझे यजमान, रेल्वेच्या छोट्या लाइनीवर चाबीवाले होते. सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रुळांच्या कडेकडेने निघायचं, ढिल्या चाव्या ठोकत केंद्री स्टेशनपर्यंत जायचं आणि परत यायचं. संध्याकाळी त्यांच्या पोटऱ्यांवर गिट्टीची पांढरी धूळ असे. क्वार्टर रुळांना इतकं लागून होतं की गाडी गेली की फळीवरच्या वाट्या एकमेकींना धरून थरथरत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पाय धुतले, आणि म्हणाले की लाइन किती दिवसाची आहे कोणाला माहीत, तू शिकून घे.

आत्याबाई म्हणाल्या, "केसं पिकून राह्यली आन् शाळेत जातो म्हन्ते." माझे दोनच केस पिकले होते. ते त्यांनी मोजून ठेवलेले.

शिकवायला पिंकी होती, आमची मुलगी, आठवीत. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि प्रत्येक उत्तराच्या आधी म्हणायची, "मम्मी, ये तो पाँचवीं का है." अपूर्णांक मला येईनात. ती वही आपटून बाहेर गेली की आत्याबाई, ज्या ऐकत नसायच्या, भिंतीकडे बघत बोलायच्या, शंभर काठ्यांत पाच काठे तूट आली तर वीस काठ्यांत किती, एवढं नाही समजत? समजायचं. पिंकीचं पुस्तक ज्याला प्रतिशत म्हणत होतं ते मला आत्याबाईंच्या तुटीतून कळलं. त्यांना सही येत नव्हती.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी वर्गातल्या गुरुजींनी मला म्हटलं, "माताजी, बच्चे को छोड़ के बाहर जाइए." मी प्रवेशपत्र दाखवलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. बाक चौदा-पंधरा वर्षांच्या मापाचा होता. माझे गुडघे वरच्या फळीला लागत होते आणि मी लिहिलं की समोरच्या पोरीचं लिखाण हलत होतं. ती मागे वळून रागावली नाही. आंटी म्हणून तिने मला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर विचारलं. मी सांगितलं. ते चुकीचं होतं हे मला निकालानंतर कळलं, आणि त्या पोरीची आठवण आली की अजून कान गरम होतात.

पास झाले. तिसरी श्रेणी, गणितात बरोबर तेहतीस. ते तेहतीस मी पाऱ्यात मोठ्याने सांगितले. त्यांना कोणाची नजर लागणार होती?

मग भैय्यालाल आले. ते आमच्याकडचे पंच, माणूस गोड. त्यांची सून विमला बारावी झालेली होती. क्वार्टरच्या पायरीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, "इंदू बाई, तैं सहायिका बने रह ना. दलिया तोर हाथ के बने लागथे." माझ्या हातचा दलिया चांगला लागतो, हे नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. सुपरवायझर बाईंनी सांगूनच ठेवलं होतं, राधिका दसऱ्याला सोडणार, तोवर ट्रेनिंग पास झाली तर इंदू, नाही तर विमला. विमला मात्र चांगली पोरगी. विहिरीवर भेटली की खाली बघायची, जणू तिनेच माझं काही उचलून नेलं होतं.

ट्रेनिंग रायपूरला होतं. सकाळच्या गाडीने जायचं, केंद्री, माना, तेलीबांधा. ती गाडी अशी चालायची की माणसं उतरून लघवी करून पुन्हा त्याच डब्यात चढत. मी खिडकीशी बसून वही वाचायची, मोठ्याने, कारण मनात वाचलेलं मला राहत नाही. कोणत्या महिन्यात लेकरू मान धरतं, कोणत्या महिन्यात बसतं, कोणती सुई कधी. आठवड्याभरात मुर्रा, म्हणजे चुरमुरे, विकणाऱ्यालाही गोवराची सुई कधी ते पाठ झालं. मी अडखळले की तोच सांगायचा. तेलीबांध्याला तलावाच्या काठी बाया कपडे आपटत असत आणि म्हशी नाकापर्यंत पाण्यात. ते दिसलं की मी वही मिटायची, केस सारखे करायची आणि पदराला हुंगून पाहायची, कांद्याचा वास येतो का.

आम्ही एकोणीस जणी होतो. बहुतेक पोरी बारावी झालेल्या, पटपट लिहिणाऱ्या. चहानंतर कप कोणी धुवायचे हे पहिल्याच दिवशी कोणी न सांगता ठरलं. मलाही ते तिसऱ्या दिवशी कळलं, तोवर माझे दोनदा धुऊन झाले होते. पण मातीची खेळणी करायला बसलो, रडणारं लेकरू गप्प करायची वेळ आली, की त्या माझ्याकडे बघत. तेवढ्यावर माझी मान ताठ होती.

परीक्षा भादव्यात झाली. परीक्षा घ्यायला निवेदिता मॅडम आल्या, बाहेरच्या, वयाने माझ्याहून लहान, आवाज शांत. जवळच्या बस्तीतल्या आया लेकरं घेऊन भिंतीशी बसल्या होत्या. गोष्ट सांगणं झालं, गाणं झालं. मग वजन. माझ्या वाट्याला सव्वा वर्षाचा एक गुटगुटीत मुलगा आला. त्याची आई पिवळ्या विटक्या साडीतली. मी काटा शून्यावर आणला, रिकाम्या झोळीचं वजन वजा केलं, त्याच्या पायातले चांदीचे वाळे काढून आईच्या हातात दिले. तो लटकल्यावर हसला. सुई साडेनऊवर थांबली. आईने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे.

मी म्हटलं, "सवा नौ." आणि लिहिलं, नऊ किलो पाचशे.

मॅडमनी कागद पाहिला. त्या म्हणाल्या, "बोला सवा नौ, लिखा साढ़े नौ. सही कौन सा है?"

 साडेनऊ म्हणावं तर वजन उघडं पडतं, सव्वानऊ म्हणावं तर कागद खोटा ठरतो. पिवळ्या साडीवालीने लेकराच्या डोक्यावर पदर ओढला. मॅडमनी पुन्हा विचारलं. बाकी अठरा जणींचा श्वास मला ऐकू येत होता. कागज़ वाला देख लीजिए, एवढं माझ्या तोंडून निघालं.

"बच्चों के काम में झूठ नहीं चलता," त्या म्हणाल्या, आणि माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

आया गेल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठून सगळं सांगितलं. राम, दोन, तीनपासून. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. मग एवढंच विचारलं, उद्या एखाद्या नर्सने तुमच्या तोंडचं वजन ऐकून औषध मोजलं तर? कागद बघायला तिला वेळ नसला तर? मी पिशवी उचलली आणि परतीची गाडी धरली. तेलीबांधा गेलं, माना गेलं, केंद्रीला गाडी अर्धा तास उभी राहिली, तरी ती नर्स डोक्यातून उतरली नाही. मुर्रावाल्याने वहीतलं काही विचारलं, मी तोंड फिरवलं.

अठरा पास झाल्या, मी राहिले. वजनाची तेवढी परीक्षा महिन्याने, पुढच्या तुकडीबरोबर, एकदाच देता येईल असं सांगितलं. दसरा त्याच्या पुढच्या आठवड्यात. भैय्यालालना हे माझ्या आधी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विमलाला अंगणवाडी दाखवायला आणलं. मी गंज घासत होते. त्यांनी सूनबाईला काटा दाखवला, रजिस्टर दाखवलं, आणि शेवटी मला.

घरी मी श्यामरावांना सगळं सांगितलं. आत्याबाई चुलीपाशी ऐकत होत्या. नर्सचं सांगून झालं तेव्हा त्यांच्या तव्यावरची भाकर जळाली. त्यांच्या हातून भाकर जळाल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या जेवल्या नाहीत.

 तिसऱ्या दिवशी मी अंगण झाडत होते तर आत्याबाई म्हणाल्या, "माह्या पाव किलोनं तुले बुडवलं."

मी म्हटलं, तसं काही नाही.

"तसंच हाये. ते मॅडम खरी बोलून राह्यली. तू पुरं सांगजो." मग म्हणाल्या, "नजरेचं मी पाहीन."

म्हणजे काय ते मला परीक्षेच्या सकाळी कळलं. मी निघाले तर त्या लुगडं नेसून दारात उभ्या, पदराला मोठी गाठ. जन्मभर रुळांशेजारी राहिलेली बाई, पण चार वर्षांत गाडीत बसली नव्हती. खिडकीशी बसून त्यांनी अख्ख्या लाइनीची तपासणी केली. श्यामरावांनी ठोकलेल्या चाव्या कुठून कुठपर्यंत, ते विचारलं. तेलीबांध्याच्या म्हशी पाहून म्हणाल्या की राजधानी झाली तरी हिथं म्हशीच जास्त. मी हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

परीक्षेच्या खोलीबाहेर, चपलांच्या शेजारी, त्यांनी बैठक मारली आणि गाठ सोडली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या. चपराशी उठवायला आला. त्या म्हणाल्या, "बइठन दे बेटा, लइका मन बर आय हंव." लेकरांसाठी आले म्हणणाऱ्या म्हातारीला कसं उठवणार? तो गेला.

आत तीच पिवळी साडीवाली होती. तिने मला ओळखलं आणि लेकराला छातीशी घट्ट धरलं. मॅडमनी मुद्दाम तिलाच माझ्याकडे दिलं की काय, मला माहीत नाही. मी वाळे काढले, झोळी अडकवली. काटा हलत राहिला, मी तो दोन बोटांनी थांबवला. पावणेदहा. महिन्यात पाव किलो वाढला होता पोरगा.

आई माझ्या ओठांकडे बघत होती.  मी म्हटलं, "पौने दस." दारापर्यंत जाईल एवढ्याने म्हटलं.

बाहेर बांगड्या वाजल्या. मग थू, थू, थू. आई दचकून वळली. उंबऱ्यापलीकडे एक म्हातारी मूठ बांधून तिच्या लेकराकडे बघत होती आणि ती मूठ हवेत फिरवत होती, एकदा, दोनदा, तीनदा, ओठांत काहीतरी पुटपुटत. पिवळ्या साडीवालीचे खांदे हळूच खाली आले. तिने पोराला झोळीतून काढलं आणि त्याचा पाय उचलून म्हातारीला नमस्कार करवला.

मॅडमचं पेन थांबलं होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, पुढची.

त्या दिवशी बारा लेकरांची वजनं झाली. आत्याबाईंनी बाराही लेकरांची नजर काढली, माझ्या एकाचीच नाही. काही आया वजन झाल्यावर आपणहून दारात थांबू लागल्या. सगळं संपल्यावर मॅडम बाहेर पडल्या. आत्याबाईंपुढे फरशीवर मिठाचे खडे सांडले होते. मॅडम त्यांवरून जाऊ लागल्या, थबकल्या, आणि वळसा घालून गेल्या.

मीठ-मिरच्या परत गाठीत बांधून घरी आणल्या. आत्याबाईंनी त्या आपल्याच चुलीत टाकल्या, दुसऱ्याच्या चुलीचा भरवसा नाही म्हणून. बारा लेकरांचा धूर होता तो. श्यामराव खोकत बाहेर पळाले, पिंकी डोळे चोळत म्हणाली, "मैं पागल हो जाऊँगी इस घर में." दसऱ्याला मी रजिस्टरवर सही केली. विमला माझी सहायिका झाली. पहिल्याच दिवशी तिने गंज उचललं, तर मी म्हटलं, एका बाजूने धर, दोघी मिळून घासू.

आता ती लाइन नाही. रूळ उचलले, त्या जागेवरून चार पदरी रस्ता गेला आहे आणि केंद्रीहून तेलीबांधा येतं तोवर गोवराची सुईसुद्धा पाठ म्हणून होत नाही. म्हशींच्या जागी लोक संध्याकाळी फिरायला येतात. श्यामराव रिटायर झाले. काट्यावर आता लाल आकडे उमटतात, आया मोबाइलने त्याचा फोटो काढतात. मी वजन पुरं सांगते, मोठ्याने. रजिस्टरच्या कपाटात खालच्या फळीवर मिठाची एक बाटली असते. सुपरवायझर बाईंनी ती कशाला म्हणून अजून विचारलेलं नाही.

आत्याबाई शेवटचं वर्षभर खाटेवरच होत्या. मी त्यांना उचलून अंगणात न्यायची, आंघोळ घालायला. इतकी वर्षं लेकरं उचलून माझ्याही हातांना कळायला लागलं होतं. एका सकाळी माझ्या गळ्यात हात टाकून त्या म्हणाल्या, "किती भरली वं मी?"

मी म्हटलं, "अठरा काठे."

त्या हसल्या, तोंडात दात नव्हते. "माह्यापाशी शिकली आन् मलेच फसवते? बारा. बाराच्या वर एक दाना नाही."

 बाराच होत्या.

"कागदावर काय लिव्हशीन?" त्यांनी विचारलं.

"खरं."

"मंग ठीक," त्या म्हणाल्या. मी त्यांना उन्हात पाटावर बसवलं, झोळीतून लेकरू काढतात तसं, आधी पाय, मग मागून हात, मग मान.